बाहेरच्या शूटसाठी परवडणारा फ्लॅश आणि वायरलेस ट्रिगर: काय घ्यायचं आणि कुठल्या क्रमाने

चूक बहुतेक वेळा खरेदीच्या पहिल्याच दिवशी होते. आधी फ्लॅश घेतला जातो, कारण पॉवरचा मोठा आकडा त्याच्याच खोक्यावर असतो. मग उरलेल्या पैशांत मिळेल तो ट्रिगर, म्हणजे दूर ठेवलेल्या फ्लॅशला कॅमेऱ्यावरून रेडिओने चमकायचा इशारा देणारं उपकरण. मग कळतं की ट्रिगर फ्लॅश उडवतो, पण त्याची पॉवर बदलत नाही. दुसरा फ्लॅश घ्यायची वेळ येते तेव्हा तो वेगळ्याच रेडिओची भाषा बोलत असतो. शेवटी भर उन्हात उभं राहिल्यावर लक्षात येतं की प्रकाश मऊ करायला फ्लॅशपुढे लावलेल्या छत्रीतून गेलेला प्रकाश चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही.

हा क्रम उलटा करायचा आहे. आधी कॅमेऱ्याचा हॉट शू (फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायची माथ्यावरची खाच), मग ट्रिगर, मग प्रकाशाचा हिशोब, आणि त्यानंतर फ्लॅश. फ्लॅश बिघडतो, पडतो, बदलता येतो. ट्रिगरची प्रणाली मात्र एकदा निवडली की पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक खरेदी तिच्याशीच जुळवून घ्यावी लागते.

## खरेदीआधी: तीन ओळी लिहून काढा

बाजारातली मॉडेल्स बघण्याआधी स्वतःच्या कामाबद्दल तीन गोष्टी कागदावर लिहा. मनात ठेवू नका. समोर वस्तू आली की मन बदलतं.

पहिली ओळ: तुम्ही जास्त करून कधी शूट करता? भर दुपारी, सावलीत, की सूर्य मावळताना? पॉवर किती लागणार ते जवळजवळ पूर्णपणे यावरच ठरतं.

दुसरी ओळ: समोर किती माणसं असतात? एका व्यक्तीच्या पोर्ट्रेटला छत्री दीड मीटरवर आणता येते. आठ जणांच्या गटाला ती तीन-चार मीटर मागे न्यावी लागते, आणि अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो.

तिसरी ओळ: सोबत कोणी असतं का? एकटे असाल तर वाऱ्यात मोठी छत्री हा धोका आहे. मदतनीस असेल तर स्टँडऐवजी हातात धरलेल्या काठीवर फ्लॅश लावूनही काम होतं, आणि ते लवकर होतं.

## टप्पा १: कॅमेऱ्याचा हॉट शू नीट बघा

कॅमेरा हातात घ्या आणि हॉट शूवरचं झाकण काढा. मधोमध एक मोठा गोल संपर्कबिंदू दिसला पाहिजे. साधे मॅन्युअल ट्रिगर याच बिंदूवर चालतात. त्याच्याभोवतीचे छोटे बिंदू टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं), एचएसएस (खूप वेगवान शटरलाही फ्लॅश चालणं) वगैरे माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

मधला बिंदू सगळ्याच कॅमेऱ्यांना असतो असं समजू नका. कॅननच्या २५०डी, २०००डी आणि ४०००डी या कॅमेऱ्यांना तो नाही. (हेच कॅमेरे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, म्हणून नावावर न जाता डोळ्यांनी बघा.) अशा कॅमेऱ्यावर फक्त मधल्या बिंदूवर चालणारा स्वस्त ट्रिगर कितीही दाबून बसवला तरी काही होणार नाही. त्यासाठी कॅननची डिजिटल भाषा समजणारा ट्रिगरच लागतो, आणि तो तुमच्या नेमक्या मॉडेलवर चालतो हे त्याच्या सुसंगतता-यादीत बघूनच घ्यायचा.

सोनीच्या आजच्या कॅमेऱ्यांच्या शूमध्ये पुढच्या बाजूला बारीक संपर्कांची एक रांग असते. तिथे ट्रिगर तिरका घुसवला तर ती रांग खराब होऊ शकते. सरळ, हळू सरकवा.

कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडून त्याचा सिंक स्पीड, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, शोधा आणि त्याच कागदावर लिहा. तो साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंद असतो, काही कॅमेऱ्यांचा त्याहून कमी. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर उभा आहे.

तपासा: कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर आहे का, ते कुठून बंद होतं? बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत ते चालू असताना फ्लॅश उडतच नाही. एकदा मी स्वतः यात वीस मिनिटं घालवली आहेत. सेल बदलले, चॅनल बदलले, ट्रिगर काढून पुसला. दोष मात्र आदल्या दिवशी चालू राहिलेल्या सायलेंट शटरचा होता. मावळतीचा जो उजेड हवा होता तो तोवर गेला.

## टप्पा २: आधी ट्रिगरची प्रणाली निवडा

दोन वस्तू २.४ गिगाहर्ट्झवर चालतात म्हणजे त्या एकमेकींशी बोलतात, असं नाही. गोडॉक्सचा ट्रिगर योंगनुओच्या फ्लॅशमधल्या रिसीव्हरला उडवू शकत नाही, आणि उलटही नाही. वारंवारिता तीच असली तरी संकेत वेगळे असतात. म्हणून पहिला प्रश्न असा: पुढचे दोन-तीन फ्लॅश मी कुठल्या घराण्यातले घेणार आहे?

परवडणाऱ्या पर्यायांत ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

फक्त उडवणारे ट्रिगर. योंगनुओचे आरएफ-६०३ या जातीचे. एक कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. मधला संपर्कबिंदू असलेला जवळपास कुठलाही फ्लॅश यांवर चालतो. पॉवर मात्र दर वेळी फ्लॅशपाशी जाऊन बदलावी लागते. फ्लॅश डोक्यावर अडीच मीटर उंचीवर असेल तर प्रत्येक बदलाला स्टँड खाली आणा, बदला, पुन्हा वर करा. हातात जुने फ्लॅश आधीच असतील तरच ही वाट घ्या.

मॅन्युअल पॉवर लांबून बदलणारे. योंगनुओ वायएन५६०-४ हा फ्लॅश आणि वायएन५६०-टीएक्स हा नियंत्रक ही याची ओळखीची जोडी. रिसीव्हर फ्लॅशच्या आतच असतो, त्यामुळे एक जोडणी कमी आणि बिघडणारी एक जागा कमी. यात टीटीएल नाही आणि एचएसएसही नाही. सावलीत, संध्याकाळी, घरात काम करणाऱ्याला काहीच कमी पडत नाही. भर उन्हात उघड्या ॲपर्चरवर (लेन्सचं छिद्र मोठं ठेवून) पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर ही वाट मध्येच संपते.

टीटीएल आणि एचएसएस पेलणारी प्रणाली. गोडॉक्सची एक्स प्रणाली. एक्सप्रो किंवा एक्स२टी ट्रिगर कॅमेऱ्यावर, आणि समोर साध्या मॅन्युअल टीटी६०० पासून एडी२०० सारख्या मोठ्या लाइटपर्यंत काहीही. नवीन सुरुवात करणाऱ्याला मी हीच वाट सुचवतो, आणि कारण टीटीएल नाही. आज सर्वांत स्वस्त मॅन्युअल फ्लॅश घेतला तरी उद्या मोठा लाइट त्याच ट्रिगरवर चालतो. काहीच फेकून द्यावं लागत नाही. फ्लॅशपॉइंट आर२ या नावाने मिळणारी उपकरणंही याच प्रणालीतली आहेत.

इथे एक गोंधळ फार होतो, तो नीट समजून घ्या. ट्रिगरच्या नावामागचं अक्षर तुमच्या कॅमेऱ्याशी जुळलं पाहिजे: कॅननला सी, निकॉनला एन, सोनीला एस, फुजीला एफ, ऑलिंपस-पॅनासॉनिकला ओ. फ्लॅशच्या नावामागचं अक्षर फक्त तो फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवताना महत्त्वाचं. कॅमेऱ्यापासून दूर स्टँडवर असताना एक्स प्रणालीत निकॉनसाठीचा फ्लॅश कॅननवरच्या ट्रिगरनेही चालतो. त्यामुळे मित्राचा दुसऱ्या कंपनीसाठीचा फ्लॅश उसना मागायला हरकत नाही, त्याचा ट्रिगर मात्र तुमच्या उपयोगाचा नाही.

सावधान: पैसे वाचवायला 'ऑप्टिकल स्लेव्ह'वर भिस्त ठेवू नका. फ्लॅशच्या पुढ्यातला डोळा दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून उडतो, आणि खोलीत तो छान चालतो. बाहेर उन्हात त्याला ती चमक दिसत नाही. फ्लॅश खांबामागे, झाडामागे असेल तर अजिबातच नाही. शिवाय कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर असेल तर त्याच्या पूर्वचमकेलाच (मोजमापासाठी फोटोआधी उडणाऱ्या छोट्या चमकेला) एस१ मोडमधला, म्हणजे पहिल्याच चमकेला उडणारा, स्लेव्ह आधी उडून जातो आणि फोटोत काही येत नाही. तो वापरायचाच झाला तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअल ठेवा, नाहीतर स्लेव्ह एस२ वर, म्हणजे पूर्वचमक सोडून देणाऱ्या मोडवर, न्या.

## टप्पा ३: किती प्रकाश लागतो त्याचा हिशोब

खोक्यावरचा गाइड नंबर म्हणजे मीटरमधलं अंतर गुणिले ॲपर्चर, आयएसओ १०० ला. पण तो फ्लॅशच्या कुठल्या झूमला (झोताच्या रुंदीला) मोजलाय ते बारीक अक्षरात असतं. एक कंपनी १०५ मिमीला ५८ सांगते, दुसरी २०० मिमीला ६०. आकडा दुसरीचा मोठा, पण झूम जास्त म्हणजे झोत अरुंद, आणि अरुंद झोताचा आकडा वाढणारच. हे दोन फ्लॅश व्यवहारात बरोबरीचे आहेत. ६० वाला फ्लॅश ३५ मिमी झूमला आणला की साधारण ३६ वर उतरतो. छत्री भरायला असाच रुंद झोत लागतो, म्हणून हिशोब ३६ नेच करा.

आता भर उन्हाचं उदाहरण घेऊ. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला, १/२०० सेकंदाला ॲपर्चर साधारण एफ/११ येतं. उघडा फ्लॅश किती दूरवर एफ/११ देईल? ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटर. छत्री लावली की दोन स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) प्रकाश जातो, म्हणजे गाइड नंबर निम्मा, १८. भागिले ११: जेमतेम १.६ मीटर, तेही पूर्ण पॉवरला. एका माणसाचं छातीपर्यंतचं पोर्ट्रेट होईल. गटाचा फोटो होणार नाही.

त्याच छत्रीत तसाच दुसरा फ्लॅश लावला तर गाइड नंबर १.४ पट होतो, दुप्पट नाही. १८ चा २५, आणि अंतर २.३ मीटर. दुप्पट गाइड नंबर हवा असेल तर चार फ्लॅश लागतात. 'दोन घेतले की दुप्पट लांब जाईल' या समजुतीवर बरेच पैसे वाया जातात.

संध्याकाळचं गणित याच्या अगदी उलट आहे. आयएसओ ४०० ला गाइड नंबर दुप्पट होतो, म्हणजे छत्रीसकट ३६. एफ/४ ला, दोन मीटरवरच्या माणसासाठी फक्त ८ लागतो. ८ भागिले ३६ चा वर्ग केला की सुमारे १/२० येतो. म्हणजे फ्लॅश १/१६ आणि १/३२ पॉवरच्या मध्ये कुठेतरी. सेल तासन्तास टिकतात आणि फ्लॅश लगेच तयार होतो. तोच छोटा, स्वस्त फ्लॅश दुपारी धापा टाकतो आणि संध्याकाळी राजा असतो.

एचएसएसबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण ते पॉवर वाढवणारं बटण आहे असा समज पसरलाय. सिंक स्पीडच्या पुढे शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. त्यांच्यामधली फट सेन्सरवरून सरकत जाते. एका चमकेने फक्त फटीपुरता भाग उजळला असता, म्हणून फ्लॅश एका मोठ्या चमकेऐवजी अतिशय वेगाने लुकलुकत राहतो. यात साधारण दोन स्टॉप किंवा जास्तच पॉवर जाते. त्यानंतर शटर जितकं वाढवाल तितका फ्लॅशचा प्रकाशही सूर्याच्या बरोबरीने घटत जातो. एचएसएस उघड्या ॲपर्चरसाठी आहे, सूर्याला हरवण्यासाठी नाही. लेन्सवर ४ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावून १/२०० लाच एफ/२.८ वापरणं हा दुसरा मार्ग. फ्लॅशला तेवढीच मेहनत पडते जेवढी एफ/११ ला पडली असती, पण एचएसएसचा फटका वाचतो. मात्र फिल्टरमुळे काही कॅमेऱ्यांचा फोकस चाचपडतो. फोकस आधी करून ठेवा.

तपासा: तुमच्या कागदावरची पहिली ओळ 'भर दुपार' आणि दुसरी 'गट' असेल, तर एए सेलवरचा फ्लॅश कुठल्याही कंपनीचा घेतला तरी पुरणार नाही. दोन छोटे घेण्याऐवजी एडी२०० सारखा २०० वॉट-सेकंदाचा एकच लाइट बघा, किंवा शूटची वेळ बदला. वेळ बदलायला पैसे पडत नाहीत.

## टप्पा ४: आता फ्लॅश निवडा

ट्रिगर ठरला, गणित झालं. आता निवड सोपी होते.

टीटीएल हवाच का? माझं मत: स्टँडवरच्या पहिल्या फ्लॅशला नको. माणूस आणि फ्लॅश यांच्यातलं अंतर बदलत नसेल तर मॅन्युअल पॉवर एकदा लावली की प्रत्येक फोटो सारखा येतो. टीटीएलमध्ये समोरच्याने काळ्याऐवजी पांढरा शर्ट घातला की मोजमाप हलतं. चालत्या माणसामागे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश घेऊन धावणाऱ्यांना टीटीएल खरंच लागतं. तुम्ही त्यांतले असाल तर घ्या.

टीटी६०० सारख्या मॅन्युअल फ्लॅशची एक मर्यादा आधीच माहीत हवी. त्याला फक्त मधला संपर्कबिंदू आहे, म्हणून तो थेट कॅमेऱ्यावर बसवला की एचएसएस मिळत नाही. तोच फ्लॅश स्टँडवर, एक्स ट्रिगरच्या हुकमाखाली, एचएसएस करतो. कॅमेऱ्यावर बसवून 'हा खराब आलाय' म्हणत परत पाठवणारे कमी नाहीत.

हातात घेऊन बघण्याजोग्या गोष्टी: पॉवर १/१ पासून १/१२८ पर्यंत उतरते का, डोकं फिरवलं की जागेवर घट्ट राहतं का, शूची पट्टी धातूची की प्लास्टिकची, आणि आपोआप झोपी जाण्याची सोय पूर्ण बंद करता येते का. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण स्टँडवर झोपलेला फ्लॅश काही प्रणालींत ट्रिगरने जागा होत नाही.

### जुना फ्लॅश घेत असाल तर

जुन्या फ्लॅशमध्ये पैशाची चांगली बचत होते, पण एक तपासणी टाळू नका. फिल्मच्या काळातल्या काही फ्लॅशच्या शूवर २०० व्होल्टच्याही वर दाब असतो. आजच्या फ्लॅशमध्ये तो साधारण एक आकडी किंवा दहा-बारा व्होल्टच्या आसपास असतो. जास्त दाब थेट कॅमेऱ्यावर किंवा स्वस्त रिसीव्हरवर आला तर आतलं सर्किट जाऊ शकतं. फ्लॅश चालू करा, पूर्ण भरू द्या, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक मधल्या बिंदूला आणि दुसरं कडेच्या धातूला लावा. आकडा तुमच्या कॅमेऱ्याच्या आणि रिसीव्हरच्या सांगितलेल्या मर्यादेखाली असेल तरच पुढे जा.

मग सेलचा कप्पा उघडा. हिरवा-पांढरा थर दिसला तर सेल आत गळलेले आहेत. पुढची काच काळवंडली असेल तर फ्लॅशने फार काम केलंय. पूर्ण पॉवरला सलग दहा वेळा उडवा आणि तयार व्हायला लागणारा वेळ मोजा. तो दर वेळी थोडा वाढेल, पण दुपटीने वाढायला नको.

धोका: फ्लॅश कधीही उघडू नका, बंद असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा राहतो आणि तो जीव घेऊ शकतो.

## टप्पा ५: उरलेलं सामान, ज्यावर पैसे वाचवून चालत नाही

सगळं बजेट फ्लॅश आणि ट्रिगरवर संपवू नका. स्टँड, ब्रॅकेट, सेल आणि चार्जर यांच्यासाठी आधीच वेगळे पैसे काढा. हे नसेल तर फ्लॅश नुसता पिशवीत राहतो.

सेल. साधे अल्कलाइन सेल फ्लॅशमध्ये लवकर दमतात, कारण इतका जोराचा प्रवाह एकदम द्यायला त्यांचा अंतर्गत रोध आड येतो. नुसतं ठेवल्यावर फारसे न उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, एनेलूपसारखे, २००० एमएएचच्या आसपासचे. एका फ्लॅशला चारचे दोन संच. संच कायम एकत्रच ठेवा. चारांवर एकच खूण करा आणि दुसऱ्या संचात मिसळू नका. चारांतला एक अशक्त असला तर चौघेही त्याच्या पातळीवर येतात. चार्जर प्रत्येक सेल वेगळा भरणारा हवा, जोडीने भरणारा नको.

लिथियम पॅकवर चालणारा फ्लॅश घेतलात तर विमानप्रवासात जादा पॅक हातातल्या बॅगेतच न्यावा लागतो, सामानात टाकता येत नाही. संपर्कबिंदूंवर टेप लावा.

ब्रॅकेट. फ्लॅश शूवर उभा करून छत्री अडकवणारे छोटे ब्रॅकेट स्वस्त असतात, पण छत्रीला वारा लागला की सगळा भार फ्लॅशच्या पायावर येतो आणि पाय तुटतो. मानेला धरणारा एस-टाइप ब्रॅकेट थोडा महाग, पण पायावर ताण येऊ देत नाही. पुढे बोवेन्स माउंट या प्रचलित जोडणीचा सॉफ्टबॉक्सही (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) त्यावर बसतो.

स्टँड. सव्वादोन-अडीच मीटर उंचीचा, पाय रुंद पसरणारा. स्टँडचा एक पाय फ्लॅश ज्या बाजूला झुकलाय त्या दिशेला ठेवा; उतारावर असाल तर एक पाय उताराच्या खालच्या बाजूला. वजनाची पिशवी खाली टेकू न देता मध्यभागी लटकवा, पण झोके घेणार नाही इतपत खाली.

छत्री. पांढरी, आरपार प्रकाश जाणारी, साधारण एक मीटरची. सुरुवातीला एवढंच. वारा असेल तर छत्री मिटवा आणि उघडा फ्लॅश झूम करून लांबून वापरा, किंवा मदतनिसाच्या हातात द्या. कडक सावलीचा फोटो निघेल, पण कोणाच्या डोक्यावर स्टँड पडणार नाही.

जेलचे (फ्लॅशपुढे लावायच्या रंगीत पारदर्शक पट्टीचे) तुकडे मात्र पहिल्याच दिवशी घ्या. अगदी कमी पैशात येतात. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा असतो, पिवळ्या बल्बचा ३२०० च्या आसपास. पूर्ण सीटीओ (नारिंगी) जेल फ्लॅशला बल्बच्या रंगावर आणतं. मावळत्या उन्हाशी जुळवायला अर्धं किंवा पाव सीटीओ पुरतं.

## टप्पा ६: परत करण्याची मुदत संपायच्या आत चाचणी

हा टप्पा सगळे वगळतात. तासाभराचं काम आहे.

१. सामान नवीन असेल तर ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हींचं चॅनल जुळवा. गोडॉक्समध्ये चॅनलशिवाय आयडीही असतो; ट्रिगरवर आयडी लावला आणि फ्लॅशवर बंद राहिला तर दोघं बोलत नाहीत. मग फ्लॅशचे गट ठरवा: मुख्य फ्लॅश ए, मागचा बी. नेहमी तेच.

२. पांढऱ्या भिंतीचे फोटो घ्या: १/१२५, १/१६०, १/२००, १/२५०. एचएसएस बंद ठेवा. ज्या वेगाला फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते, त्याच्या आधीचा वेग तुमचा खरा सिंक स्पीड. स्वस्त रेडिओ ट्रिगर क्षणाचा उशीर करतात, म्हणून कॅमेऱ्याच्या पुस्तकात १/२०० असलं तरी व्यवहारात १/१६० निघू शकतं. निघालेला आकडा ट्रिगरवर चिकटवा.

३. पाव पॉवरला पन्नास फोटो, दोन-दोन सेकंदांनी. पन्नासपैकी एकही रिकामा गेला तर कारण शोधा, सोडून देऊ नका.

४. ट्रिगर फ्लॅशपासून अर्ध्या मीटरवर आणून पुन्हा दहा फोटो. काही ट्रिगर फार जवळ असले की चुकतात. एक्सप्रोमध्ये यासाठी ०–३० मीटरची वेगळी सेटिंग आहे. जवळच्या कामाला ती लावा.

५. बाहेर मोकळ्या जागेत ३० मीटरवर फ्लॅश ठेवून बघा, मग फ्लॅशच्या आणि तुमच्या मध्ये स्वतःचं शरीर आणून. २.४ गिगाहर्ट्झचा संकेत माणसाच्या अंगात चांगलाच शोषला जातो.

तपासा: पूर्ण पॉवरला सलग किती चमका झाल्यावर फ्लॅश गरम होऊन थांबतो, ते पुस्तकात बघा. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा आहे. तो ओलांडायचा प्रयत्न करू नका; काम नेहमी अर्ध्या पॉवरपर्यंत भागेल अशी मांडणी करा.

## टप्पा ७: जागेवर पोचल्यावरचा क्रम

इथे घाई होते आणि पायऱ्या वगळल्या जातात. स्टँड उभा करण्याआधी कॅमेरा लावा.

पहिलं: कॅमेरा मॅन्युअलवर, ऑटो आयएसओ बंद. ऑटो आयएसओ चालू राहिला तर कॅमेरा पार्श्वभूमी बघून आयएसओ चढवतो आणि फ्लॅश पडला की चेहरा पांढराफटक होतो. मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडरमधलं एक्स्पोजरचं पूर्वदर्शन बंद करा, नाहीतर संध्याकाळी चौकटीत नुसता अंधार दिसेल.

दुसरं: ट्रिगर बंद ठेवून फक्त पार्श्वभूमीचा फोटो घ्या. शटर सिंक स्पीडच्या आत, ॲपर्चर असं की आकाशाला रंग राहील. साधारण एक स्टॉप गडद. चेहरा काळा दिसेल, दिसू द्या.

तिसरं: आता स्टँड. फ्लॅश माणसाच्या डोळ्यांहून थोडा वर, कॅमेऱ्यापासून ४५ अंशांच्या आसपास कडेला. सूर्य माणसाच्या पाठीमागे असेल तर सर्वांत सोपं.

चौथं: आधी फ्लॅश चालू, मग ट्रिगर. पॉवर हिशोबाने निघाली तेवढी. हिशोब नसेल तर पाव. एक फोटो.

पाचवं: चेहरा कमी उजळला तर आधी छत्री जवळ आणता येते का बघा, मग पॉवर वाढवा. जवळ आणल्याने प्रकाश वाढतो आणि मऊही होतो. चेहरा ठीक पण आकाश फिकट, तर शटर वाढवा, सिंक स्पीडपर्यंत. शटरने फक्त सभोवतालचा प्रकाश बदलतो. ॲपर्चर आणि आयएसओने दोन्ही बदलतात. हे एक वाक्य ट्रिगरच्या पिशवीत लिहून ठेवा.

सहावं: स्क्रीनच्या उजेडावर विश्वास नको. उन्हात स्क्रीन अंधारी दिसते म्हणून पॉवर वाढवली जाते आणि फोटोत कपाळ पांढरं पडतं. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) बघा, अतिउजळ भाग लुकलुकवण्याची सोय चालू ठेवा.

मावळतीला उजेड दर काही मिनिटांनी उतरतो. चेहऱ्याची पॉवर तशीच ठेवा आणि शटर मंद करत जा. १/६० च्या खाली आलात की हात हलल्याने पार्श्वभूमी सरकते. तिथून पुढे आयएसओ एक स्टॉप वाढवा आणि फ्लॅश एक स्टॉप उतरवा.

## टप्पा ८: फ्लॅश उडत नाही, आता काय

याच क्रमाने बघा, उड्या मारू नका.

फ्लॅशवरचं चाचणीचं बटण दाबा. उडला नाही तर सेल. उडला तर ट्रिगरवरचं चाचणीचं बटण. त्याने उडला नाही तर चॅनल, आयडी, गट, आणि फ्लॅश झोपलाय का. त्याने उडला पण कॅमेऱ्याने उडत नाही, तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूला: ट्रिगर शूमध्ये पूर्ण आत गेला नाही, सायलेंट शटर चालू आहे, किंवा मेनूत फ्लॅश बंद केलाय. ट्रिगर एकदा काढून पुन्हा सरकवा आणि कुलूप फिरवा. निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

दर चार-पाच फोटोंनी एक रिकामा जात असेल तर तो बहुधा रेडिओचा दोष नसतो. फ्लॅश पुन्हा भरायच्या आत तुम्ही दाबताय. पॉवर निम्मी करा, आयएसओ दुप्पट करा.

फोटोच्या कडेला काळी पट्टी आली तर शटर सिंक स्पीडच्या पुढे गेलंय किंवा एचएसएस बंद झालंय. पट्टी नाही, पण फ्लॅशचा परिणामच नाही, आणि फ्लॅश डोळ्यांना उडताना दिसतोय? मग कदाचित दुसऱ्या कोणाचा ट्रिगर त्याच चॅनलवर आहे. चॅनल बदला.

शूट संपल्यावर फ्लॅश पाच मिनिटं थंड होऊ द्या, मग पिशवीत. गरम डोक्याला चिकटलेलं जेल आधीच काढा. फ्लॅश महिनाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा भरलेले सेल घालून काही वेळ चालू ठेवा, पूर्ण पॉवरला चार-पाच वेळा उडवा. कपॅसिटर फार दिवस नुसता पडून राहिला की भरायला वेळ लावतो.